रात्रपाळीची हजेरी

पंखा ओरडायला लागला तेव्हा रात्रीचे साडेअकरा.
मी काहीच करत नव्हते.
पडद्यावर पत्त्यांचा डाव, चौकटची राणी अडकलेली,
आणि आतलं यंत्र अशा धापा टाकत होतं
जसं कुणाच्या तरी लष्कराच्या भाकऱ्या भाजतंय.

चौतीस वर्षं मी वूचच्या कापडगिरणीत काढली,
त्यातली एकवीस रात्रपाळीची मुकादमीण म्हणून.
मला कानाने कळतं
कोणता माग कापड विणतोय
आणि कोणता नुसताच धोटा हलवतोय.

भाचा लिमरिकहून फोनवर म्हणाला,
बोगुशा मावशी, मागे बऱ्याच सेवा चालू असतात,
नको त्या बंद कर.
यादी कुठे उघडते तेवढं सांगितलं
आणि त्याची बस आली.

दोनशे चौदा नावं.
मी चौकटीची वही काढली, पेन्सिलीला टोक केलं.
आधी काय होतं, आता काय केलं.
हजेरीपट लिहायची सवय हाताला सोडत नाही.

फॅक्स. कुणाची वाट बघतेस, बाई?
या जिन्यात शेवटचा फॅक्स आला तो दातांच्या डॉक्टरकडे,
आणि डॉक्टरही गेला. बंद.
छपाईची रांग सांभाळणारी.
प्रिंटर मी कधीच तळमजल्यावरच्या झेनेकला दिला,
काकडीच्या लोणच्याच्या चार बरण्यांवर,
तरी ही रोज सकाळी हजर! बंद.
मी कुठे आहे ते शोधत राहणारी:
हिला मोठ्याने सांगितलं,
तिसरा मजला, डावीकडचं दार,
एकोणऐंशी सालापासून.

मग एक सापडली, माझ्याबद्दल वर कळवणारी.
काय उघडलं, किती वेळ, कुठे अडलं.
आमच्या खात्यात असा एक होता, झेप्का.
चहाच्या वेळी कोण काय बोललं
ते त्याच्या खिशातल्या वहीत जायचं.
माणूस वाईट नव्हता.
माझ्या मुलीच्या तापात औषध त्यानेच मिळवून आणलं.
फक्त सतत चालू असायचा.
हिच्यावर मी बराच वेळ बोट ठेवून बसले.
बंद.

तिसऱ्या रात्री चुकले.
एकीला थांबवलं तर तिच्या आधाराच्या पाच झोपल्या.
आवाज गेला, इंटरनेट गेलं,
रविवारी भाच्याचा कॉल वाजलाच नाही.
त्याने घाबरून शेजारणीला उठवलं, तिने माझं दार बडवलं,
आणि मी वही उघडून, चष्मा पुसून,
सगळ्यांना परत कामावर घेतलं, एकेकीला नावाने.

शेवटी उरली ती.
नाव म्हणजे अक्षरांचा गुंता, वर्णनाची जागा कोरी.
काय करते कळत नाही. खाते मात्र थोडंच.

कांडीखात्यात गेनोवेफा होती.
बोलायची नाही. तिचं काम नेमकं काय,
विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.
कपातीच्या यादीत तिचं नाव मीच लिहिलं,
शहाण्णव साल, गुरुवार.
सोमवारी बारा मागांवर सूत तुटायला लागलं.
कुणी म्हणालं कापूस. कुणी म्हणालं पट्टे.
आम्ही पट्टे बदलले.
एप्रिलात झाडूवाला सहज बोलून गेला:
पाळी सुरू व्हायच्या आधी, काळोखात,
ती बादली घेऊन सगळ्या फरशीवर पाणी शिंपडायची,
हवा ओलसर राहावी म्हणून.
तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पंखा आता सावकाश फिरतो.
खाली वळणावर ट्राम रूळ घासत जाते, ते ऐकू येतं.
चौकटची राणी अजून अडकलेलीच.
त्या नावापुढचा रकाना मी दोन दिवस रिकामा ठेवला,
मग बारीक अक्षरात लिहिलं:
पाणी मारते, बहुधा.
राहू दे.